साहेबांच्या वाटचा घास

(युसूफ वडगाव. अर्जुनरावांच्या घराची ओसरी, सकाळचे अकरा. दीपमाला गावची आशाताई. तिशीपुढच्या माणसांच्या तपासणीचा सरकारी फॉर्म आणि कंबर मोजायचा टेप घेऊन आली आहे. तिचा नवरा बंकट, अर्जुनरावांचा कार्यकर्ता, खांबाला टेकून बसला आहे.)

दीपमाला: पोट आत ओढू नका, दादा. फॉर्म खोटा होतो.

अर्जुनराव: ओढलं न्हाई, वैनी. आता हायच तेवढं.

दीपमाला: मंग श्वास सोडा. सोडा पुरता. अठ्ठ्याऐंशी. मागच्या साली किती भरलतं ठाव हाय? एकशे सोळा.

अर्जुनराव: बंकट, ऐकलंस का? अठ्ठ्याऐंशी! पन्नाशीत अठ्ठ्याऐंशी! टाक की ग्रुपवर. ‘साहेबांच्या परिश्रमाला यश.’

बंकट: टाकतो, साहेब. जरा दम जाऊ द्या. पायऱ्या चढून आलो न्हवं.

दीपमाला: तीन पायऱ्या हायत.

बंकट: तीनच हायत, पर उंच हायत.

दीपमाला: उठा. आता तुमचं माप.

बंकट: माझं काल घरी घेतलंस की.

दीपमाला: घेतलतं. तर तुमी म्हणलात, टेप धुण्यात आटला. आता साहेबाम्होरं घेऊ. हात वर करा. दादा, तेवढं मागून टोक धरा. माझा हात पुरत न्हाई.

अर्जुनराव: मी धरू? बरं. धरलं. कुठवर आणू?

दीपमाला: माझ्यापर्यंत. या. अजून या. हां. एकशे अठरा.

अर्जुनराव: आं? माझ्या जुन्या मापापेक्षा बी दोन जास्त?

दीपमाला: एकशे सोळा तुमचे. वरचे दोन त्यांचे सोताचे.

बंकट: दीपमाले, साहेबाम्होरं कशाला उकरायलीस?

दीपमाला: साहेबाम्होरंच उकरायचंय. दादा, काल उपकेंद्रात ह्यांच्या बोटातून रक्त घेतलं. उपाशीपोटी साखर दोनशे अठ्ठ्याऐंशी. आता फॉर्मात रकाना हाय, घरात कुणाला साखर हाय का. ह्यांच्या आईला न्हवती, बापाला न्हवती. मंग मी काय लिहू? साहेबाला होती?

अर्जुनराव: लिहा की. बंकट घरातलाच हाय.

बंकट: बघ! म्हणलं न्हवतं तुला? घरातला म्हणतेत.

दीपमाला: तुमी गप बसा. दादा, मी भांडायला आले न्हाई. एकच सांगायला आले. आजपासून ह्यांनी तुमच्या वाटचं खायाचं बंद.

अर्जुनराव: आजपासून?

दीपमाला: आजपासून.

अर्जुनराव: आज कसं जमंल, वैनी? आज छबुबाईकडं नातवाचं जावळ हाय. एक वाजता जेवण हाय.

बंकट: पुरणपोळी हाय. येसराची आमटी हाय. म्हातारी आठ दिवसांपासून मागं लागलीय.

अर्जुनराव: आन जिल्हा परिषद तोंडावर आलीय. छबुबाईनं हात वर केला की अख्खी वस्ती हात वर करती. तिच्या ताटाला पाठ दाखवली तर मला पाठ दाखवायला किती येळ लागंल?

दीपमाला: मंग तुमी खावा.

अर्जुनराव: मी कसा खाऊ? मला साखर हाय.

दीपमाला: आन ह्यांना?

अर्जुनराव: त्याला कालच झाली ना. नवी हाय अजून.

दीपमाला: दादा, जनावराला बी असं कुणी म्हणत न्हाई.

अर्जुनराव: माझा तसा भाव न्हवता, वैनी. तुमी मूळ इषय समजून घ्या. डॉक्टरनं मला बसवून सांगितलं. म्हणाले, अर्जुनराव, माणसाच्या शरीराचं कारखान्यासारखं हाय. इशीत बॉयलर धडधडत असतो, कितीबी ऊस टाका, संध्याकाळपर्यंत राख. चाळिशी झाली की बॉयलर मंद होतो. पन्नाशीला तर निस्ता धूर. आन आपण ऊस मात्र पहिल्याइतकाच टाकायलोय. मंग त्यो गाळला जात न्हाई, यार्डात साचतो. ही ढेरी म्हंजी यार्ड हाय, म्हणाले. दोन येळा जेवा, मधी चहा बी नको, आन चाला.

दीपमाला: बरोबर सांगितलं डॉक्टरनं. मंग तुमच्या यार्डातला ऊस माझ्या दारात कावून टाकला?

अर्जुनराव: कारण बंकटचा बॉयलर लई जोरात होता! तुमीच आठवा, वैनी. अंगावरचा शर्ट वाऱ्यानं फडफडायचा, आत माणूस हाय का न्हाई कळायचं न्हाई. चार भाकऱ्या खायचा, कुठं जायच्या देव जाणे.

दीपमाला: माझ्या शेतात जायच्या. तवा हे तुमचं काम सरलं की शेतात राबत होते. आता तुमच्या गाडीत बसून असतेत.

बंकट: गाडीत बी काम असतं. फोन घेतो, हार धरतो.

दीपमाला: हार धरून कुणी बारीक झालंय का?

अर्जुनराव: आन वैनी, मी काय ठरवून केलं न्हाई हे. धारूरला वास्तुशांती होती. डॉक्टरकडून परवाच आलतो मी. यजमानानं बुंदी वाढली. नको म्हणलं. त्यानं बायकोची शपथ घातली. बायको बाजूलाच उभी, तिचं तोंड एवढंसं झालं. मी घास उचलला, आन काय करावं सुचंना. शेजारी बंकट होता. त्याच्या तोंडात घातला. म्हणलं, ह्यो माझाच घास समजा. बंकटचं तोंड ते माझं तोंड.

बंकट: लोकांनी टाळ्या वाजवल्या. समद्या मांडवानं. कुणी कुणी डोळे पुसले.

दीपमाला: आन दुसऱ्या दिवसापासून तीन ताटं.

अर्जुनराव: तीन कशी? एकच. माझं.

दीपमाला: इचारा की तुमच्या तोंडाला.

बंकट: ते… साहेब, तुमी भाषणाला उठलात की मागं काय होतं तुमाला दिसत न्हाई. तुमच्या वाटचं मी खाल्लं की घरवाले म्हणतेत, साहेबाचं झालं. आता बंकटराव, तुमचं. मला बी आवतण असतं न्हवं. साहेबाच्या वाटचं खाल्लं आन आपल्या वाटचं टाकलं तर घरवाल्याला वाटंल, ह्याला शिष्टपणा आला.

अर्जुनराव: दोन दोन ताटं जेवतोस तू?

बंकट: युसूफ वडगावात दोन. बाहेरगावी तीन. तिथं ड्रायव्हरचं बी असतं, त्यो उपास धरतो.

दीपमाला: केजला खाजामियाँच्या पोराचा, अल्ताफचा वलिमा झाला, लग्नाचं जेवण. तिथं काय झालं सांगा.

बंकट: तिथं काय, दालचा-खाना लई चांगला होता.

दीपमाला: मी सांगते. खाजामियाँ ह्यांच्या ताटात वाढायलेत आन इचारायलेत तुमाला, ‘साहब, नमक बराबर है?’ आन तुमी म्हणलात, जरा कमी हाय.

अर्जुनराव: बंकटच्या तोंडावरून कळतं मला. सवय झालीय.

दीपमाला: आन ह्यांचं तोंड बिघडलं तवा तुमाला कावून कळंना? तोंड कोरडं पडतंय, रात्रीतून चारदा उठतेत, पायात मुंग्या येतेत. ते न्हाई दिसलं तुमाला तोंडावरून?

अर्जुनराव: मी त्याच्यासाठी काहीच केलं न्हाई असं समजू नका. मी त्याच्या वाटचं चालतो.

दीपमाला: काय करता?

अर्जुनराव: रोज पहाटे पाझर तलावापर्यंत तीन किलोमीटर जातो. ते माझे. तलावापाशी थांबतो, सूर्याला नमस्कार करतो आन मोठ्यानं म्हणतो, आता परतीची फेरी बंकटची. तीन किलोमीटर त्याचे. एक दिवस खाडा न्हाई. पाऊस असला तर माझी फेरी चुकवतो, त्याची चुकवत न्हाई.

दीपमाला: तुमची चुकवून ह्यांची कशी चालता?

अर्जुनराव: तलावापर्यंत गाडीनं जातो. येताना चालतो.

बंकट: बघ, दीपमाले. हे मला बी ठाव न्हवतं. साहेब माझ्यासाठी पावसात चालतेत.

दीपमाला: रडू नका तुमी. दादा, तुमी चाललात तर साखर कुणाची उतरली?

अर्जुनराव: माझी.

दीपमाला: आन ह्यांची?

अर्जुनराव: उतरायला पाहिजे होती.

दीपमाला: देवा! अहो, लग्नाला माणूस पाठवला तर चालतंय, मातीला माणूस पाठवला तर चालतंय, हार घालायला बी पाठवा. पर पोट ज्याचं त्याचंच असतंय की! त्यात कुणाला पाठवता येत न्हाई.

अर्जुनराव: लोकांना तर पटलंय, वैनी. मी बारीक झालो तवा तालुक्यात उठवलतं, अर्जुनरावाला मोठा आजार हाय, ह्या खेपेला तिकीट बी मिळत न्हाई. मंग लोकांनी बंकटला बघितलं आन म्हणाले, न्हाई, तब्येत चांगली हाय साहेबाची.

बंकट: मांजरसुंब्याच्या ढाब्यावर एका सरपंचानं माझ्या पोटाला हात लावून इचारलं, ‘साहेब बरे हायत ना?’

दीपमाला: तुमी तरी सांगा मला. तुमाला कळत न्हवतं? मी रोज गावभर फिरून सांगते, गोड कमी करा, चाला, चाळिशीनंतर जपा. आन बायका तोंडावर हसतेत. म्हणतेत, आशाताई, आधी तुमचं घर मोजा. तरी तुमी खात ऱ्हायलात. कावून?

बंकट: सांगू का?

दीपमाला: सांगा.

बंकट: साहेबाकडं लागून सोळा वर्षं झाली. तवापासून मी ड्रायव्हर लोकांच्या पंगतीला जेवायचो. मांडवाच्या मागं. बुंदी संपलेली असायची, भात खरवडून. कुणी इचारलं न्हाई, बंकट जेवला का. नाव बी धड कुणी घेत न्हवतं. ए बंक्या, हार आण. एवढंच. धारूरपासून मी साहेबाच्या शेजारी बसतो. पाट असतो मला. रांगोळी असती. बाया पदर सावरून वाढतेत. बंकटराव म्हणतेत, दीपमाले. राव. एवढी इज्जत मला कुणी दिली न्हवती. ती पोटातून मिळायली, तर पोट वाढंना का, म्हणलं.

दीपमाला: मला सांगायचं की हे.

बंकट: तू मला तवाबी बंकटरावच म्हणत होतीस. तुला कसं सांगू?

अर्जुनराव: आरं, मला तरी बोलायचं. मला तर वाटायचं तुला आवडतंय खायला.

बंकट: आधी आवडायचं, साहेब. आता जिलबी बघितली की तोंड फिरवावं वाटतं. पर राव म्हणलं की तोंड उघडतंच.

दीपमाला: झालं ते झालं. आता दोघं बी नको म्हणायला शिका. आत्ता. तास हाय हातात. मी छबुबाई. बसा हितं, ताटावर बसल्यावाणी. दादा, तुमी आधी. पोळी वाढते.

अर्जुनराव: नको.

दीपमाला: शाब्बास. आन मी म्हणते, ‘दादा, एवढी एकच.’

अर्जुनराव: बरं, एक टाका.

दीपमाला: दादा!

अर्जुनराव: एकदा म्हणलं की नको! दोनदा नको म्हणलं की माणूस तुटतो, वैनी. तीस वर्षं राजकारणात हाय मी.

दीपमाला: पुन्हा. ‘काय दादा, गरिबाच्या घरचं गोड लागत न्हाई का?’

अर्जुनराव: हे तर लई वाईट वाक्य हाय. ह्याला उत्तरच न्हाई. ह्यावर मी माणसं पडताना बघितलीत. वाढा.

दीपमाला: बंकटराव, तुमी म्हणून बघा. ‘घ्या, तूप ऊन ऊन हाय.’

बंकट: नको… म्हंजी पोळी नको. तूप चालंल.

दीपमाला: निस्तं तूप?

बंकट: तिला तेवढंच बरं वाटंल.

दीपमाला: दादा, शेवटचं. आता मी कंबरेवर हात ठेवून म्हणते, ‘तुमचे वडील आमच्या दारी यायचे तवा सात पोळ्या खायचे. तुमाला एक जड झाली?’

अर्जुनराव: वडील त्या सात पोळ्यांनीच गेले, वैनी.

दीपमाला: आं?

अर्जुनराव: एकावन्नावं लागलतं. वडवणीकडं एका साखरपुड्याला गेलतो आमी. साखर होती त्यांना, घरात समद्यांना ठाव होतं. पर लोकांनी आग्रह केला. त्यांनी बी नको म्हणलं, एकदा. मंग खाल्लं. ताटावरून उठले न्हाईत. मांडीवर माझ्या मान टाकली. हातातला घास सोडवला मी. आन यजमान मला काय म्हणला? म्हणला, माणूस तृप्त होऊन गेला. मी इशीतला पोरगा, मी मान हलवली. आता मला पन्नासावं सरायलंय. तालुका मला वाघ म्हणतो. पर ताट बघितलं की मला मांडीवरची ती मान दिसती. मला मरायचं न्हाई, वैनी. लई भीती वाटती मला. म्हणून त्या दिवशी घास हातात धरला आन जे पहिलं तोंड दिसलं त्यात घातला.

दीपमाला: मंग माझ्या नवऱ्यानं मरायचं का?

बंकट: दीपमाले, असं बोलू नको. साहेबाम्होरं अख्खा तालुका हाय. माझ्याम्होरं काय हाय?

दीपमाला: मी हाय! पोरगी हाय, संस्कृती! बारावीला हाय ती. काल तिनं तुमच्या रक्ताचा कागद वाचला आन भाकरी तशीच सारून ठेवली. तुमाला दिसलं का?

बंकट: मला वाटलं, भूक न्हवती तिला.

दीपमाला: घरात कुणालाच भूक न्हवती काल.

अर्जुनराव: थांबा, वैनी. थांबा. तुमचं म्हणणं मला पटलं. शंभर टक्के पटलं. बंकट आजपासून मोकळा. एक घास बी न्हाई.

दीपमाला: खरं?

अर्जुनराव: आईशपथ. मला मार्ग सापडला. शिवशंकर.

दीपमाला: कोण शिवशंकर?

अर्जुनराव: मारुतीच्या देवळात पेटी वाजवतो त्यो. वाजवताना निस्ती पेटी दिसती, माणूस दिसत न्हाई. असा बॉयलर तालुक्यात न्हाई.

दीपमाला: दादा, काय ऐकलंत तुमी आत्ता? एवढं बोलले मी!

अर्जुनराव: ऐकलं की. बंकटला मोकळा केला. अजून काय पाहिजे?

बंकट: साहेब, त्याला आम्लपित्त हाय. रोज सकाळी सोडा पितो त्यो.

अर्जुनराव: आम्लपित्त म्हंजी आग जोरात हाय आत. लागला फोन. हॅलो, शिवशंकर? अर्जुनराव बोलतोय. वजन किती तुझं? … न्हाई, कुणाच्या सोयरिकीचं न्हाई. … त्रेपन्न? वा! आन गोड चालतं का? … काम हाय एक. मोठं हाय. आजपासून कार्यक्रमाला माझ्या शेजारी बसायचं. … हां, पहिल्याच पंगतीला. पाट, रांगोळी, समदं. … आरं, रडतो कावून?

बंकट: रडायलाय?

अर्जुनराव: म्हणतोय, बायकोला सांगून येतो. म्हणतोय, धुतलेला सदरा घालतो.

बंकट: मी बी असाच रडलतो. धारूरहून आलो त्या रात्री. हिला झोपेतून उठवलतं.

दीपमाला: मला वाटलं, पोट दुखायलंय.

बंकट: साहेब, फोन द्या इकडं.

अर्जुनराव: कशाला?

बंकट: द्या तर. शिवशंकर, बंकट बोलतो. … हां, खरं हाय. शेजारीच बसवतेत. … हां, राव बी म्हणतेत. … एक न्हाई, दोन ताटं असतेत. एक साहेबाचं, एक तुझं. … माझं वजन? एकशे चार. तीन पायऱ्या चढून तासभर झाला बसलोय, दम गेला न्हाई अजून. … ऐक. ऐक, शिवशंकर. तुला नको म्हणता येणार न्हाई. मला ठाव हाय, आत काय व्हायलंय तुला. म्हणून तुझ्या वतीनं मीच सांगतो साहेबाला. साहेब, शिवशंकरला नको. … झालं, सांगितलं. तू पेटी वाजव. सदरा घाल तसाच, आन पेटी वाजव. ठेवतो.

अर्जुनराव: बंकट! फोन ठेवलास तू?

बंकट: ठेवला.

दीपमाला: तुमी नको म्हणलात.

बंकट: मी कुठं? शिवशंकरच्या वतीनं म्हणलं.

दीपमाला: पर निघालं की तोंडातून. साहेबाच्या तोंडावर म्हणलात.

अर्जुनराव: लई सहज निघालं रं. अडखळला बी न्हाईस. कसं काय?

बंकट: दुसऱ्याचं होतं म्हणून. आपलं असलं की घशात अडकतं.

अर्जुनराव: माझ्या वतीनं म्हणशील?

बंकट: तुमच्या वतीनं मी काय बी करीन, साहेब.

अर्जुनराव: वैनी, व्हा पुन्हा छबुबाई. मला वाढा. हात आखडू नका, पुरता आग्रह करा.

दीपमाला: ‘दादा, एक घ्याच. नातवाचं जावळ पुन्हा पुन्हा येत न्हाई. गरिबाच्या घरचं गोड लागत न्हाई का?’

बंकट: लागतंय, छबुबाई. लई गोड लागतंय. पर साहेबाला साखर हाय. आन लई भ्यायलेत ते. वाघ-बिघ लोक म्हणतेत, पर आतून भ्यायलेत. त्यांना अजून लई दिवस ऱ्हायचंय. तुमी पोळी ठेवा आन चार शब्द बोलत बसा त्यांच्याशी.

अर्जुनराव: असं सांगशील तू तिला? मी भ्यायलोय म्हणून?

बंकट: सांगू नको का?

अर्जुनराव: सांग. मला तर जन्मात सांगता आलं नसतं.

दीपमाला: आन पुढं काय? साहेबाचं ताट मी उचललं. आता दुसरं ताट हाय. तूप सोडते. घ्या, बंकटराव.

बंकट: मला…

दीपमाला: ‘बंकटराव, तुमच्यासाठी येगळी काढून ठेवलीय मऊ मऊ.’

बंकट: अर्धी वाढ.

दीपमाला: बघा!

बंकट: माझ्याच्यानं माझं होत न्हाई, दीपमाले. साहेब, एक इनंती करू? माझ्या वतीनं तुमी म्हणाल का?

अर्जुनराव: मी? तुझ्या वतीनं?

बंकट: मोठं काम हाय, मला ठाव हाय. आजवर मी तुमाला काय मागितलं न्हाई.

अर्जुनराव: बघतो.

दीपमाला: ‘बघतो’ तुमी रस्त्याला म्हणता, दादा. नळाला म्हणता. आठ वर्षं झाली, नळ आला न्हाई.

अर्जुनराव: बरं, म्हणतो.

दीपमाला: आत्ता म्हणा. पोळी माझ्या हातातच हाय. ‘काय दादा, तुमी तर खात न्हाई, निदान तुमच्या माणसाला तरी खाऊ द्या. त्याचं काय जातंय?’

अर्जुनराव: छबुबाई…

दीपमाला: ‘बोला की.’

अर्जुनराव: बंकटरावांना वाढू नका, छबुबाई. मला त्यो माणूस लागतो.